चालता न येणाऱ्याची सायकल

रंगनाथच्या पायाला भिंगरी आहे, असं मखमलाबादेत कुणीही सांगितलं असतं. पहाटे फुलं तोडायची, सायकलच्या कॅरियरवर पाट्या बांधायच्या, नाशकात फूलबाजार गाठायचा, नऊच्या आत परत येऊन वाफ्यांना पाणी धरायचं, आणि दुपारी जरा पडा म्हटलं तर बांधावर उभं राहून शेजाऱ्याच्या शेवंतीला नावं ठेवायची. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण नवरा अर्धा तास एका जागी बसलाय असं चांगुणाने कधी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा हलत असायचा.

अशा माणसाला कंपवात व्हावा, आणि तोही पाय जखडणारा, याला काय म्हणावं? देवालाही कधीकधी चेष्टा सुचते, पण ती करावी कुणाशी याचा पोच त्याला नसतो.

आधी उजव्या हाताचा अंगठा बोटाशी खेळू लागला, बसल्या बसल्या विडी वळावी तसा. मग आवाज बारीक झाला. मग तोंडावरचं हसू-रुसू कुणी ओल्या फडक्याने पुसून न्यावं तसं गेलं. रागावला तरी तेच तोंड, खूश झाला तरी तेच. आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, पाय अडायला लागले. सपाट अंगणात चार पावलं बरी पडायची, पण उंबरा आला की संपलं. पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे, पाय मागे, आणि माणूस दाराच्या चौकटीला धरून थरथरत उभा. मागून ढकललं तर पडायचा, पुढून ओढलं तरी पडायचा.

चांगुणा त्याला दर मंगळवारी नाशकातल्या दवाखान्यात व्यायामाला न्यायची. तिथे पल्लवी नावाची पोरगेली मॅडम होती. ती टाळ्या वाजवून पावलं टाकायला लावायची, खुर्चीतून दहादा उठवायची, फरशीवर खडूने रेघा मारून त्या ओलांडायला सांगायची. रेघ दिसली की रंगनाथचा पाय उचलायचा. हे बघून पल्लवीने चांगुणाला घरची युक्ती शिकवली. "आजी, ते उंबऱ्याशी अडले ना, की ओढायचं नाही. तुमचा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवायचा. तो ओलांडायचा म्हणून त्यांचा पाय आपोआप उचलला जाईल."

युक्ती सोपी, पण चांगुणाला ती पचेना. नवऱ्यापुढे पाय घालायचा? पहिले आठ दिवस ती प्रत्येक वेळी पाय आडवा ठेवायची आणि तो ओलांडून गेला की वाकून त्याच्या पायांना हात लावून नमस्कार करायची. शिवाय माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने एकदा ते बोलून दाखवलं, तर रंगनाथ त्या बारीक आवाजात म्हणाला, "आता या वयात काय वाढायची राह्यलीस?" तोंड कोरंच. पण तो हसला, हे तिला कळलं.

असं सहा महिने चाललं. दिवसातून वीस वेळा पाय आडवा. मोरीपाशी, दारापाशी, खाटेपाशी. चांगुणा फुलं तोडत असायची आणि कान घराकडे. पाणी धरायची आणि कान घराकडे. मुलगा हिरामण अंबडच्या कंपनीत पाळीला जायचा, तो येईस्तोवर घर, मळा आणि नवरा तिघांमध्ये ती येरझाऱ्या घालायची. नवऱ्याच्या पायाची भिंगरी सुटली ती बायकोच्या पायाला येऊन बसली म्हणा. अंग आंबून जायचं, पण रात्री डोळा लागायचा नाही, कारण त्याला कूस बदलायची असली तरी तिचाच हात लागायचा.

भादव्यात एके दिवशी लंकाबाई आली. ही चांगुणाची थोरली जाऊ. गावात कुणाच्या घरी काय शिजतं हे तिला शिजणाऱ्याच्या आधी कळायचं.

"चांगुणा, भाऊजींना बरं वाटू राह्यलं म्हणायचं."

"कशाचं बरं? आज सकाळी मोरीतून बाहेर काढायला मला पाव घंटा लागला."

"मग पाटावर सायकल चालवू राह्यलं ते कोण होतं?"

चांगुणा हसली. लंकाबाई हसली नाही.

"माझ्या या डोळ्यांनी पाह्यलं. काल तू फुलं घेऊन बाजारात गेली, तवा. पाटाच्या रस्त्यानं चालले बाण सुटल्यावानी. मी हाक मारली तर घंटी वाजवून पुढं. अन् घरात तुझ्याकडून पाय उचलून घेत्यात. झोपल्याला उठवता येतं बाई, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाय."

असं बोलून लंकाबाई चहा घेऊन गेली. अशा बायका काडी टाकून जातात, आगीला थांबत नाहीत.

चांगुणा पंपाच्या खोलीकडे गेली. रोज सकाळी ती रंगनाथला तिथल्या ओट्यावर उन्हात बसवायची, आणि त्याची जुनी सायकल शेजारी भिंतीला टेकून असायची. तीन वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. आता तिच्या चाकांत हवा होती, साखळीला तेल होतं आणि मडगार्डवर पाटाकाठचा ओला चिखल होता.

तिने घरी येऊन सरळ विचारलं. "तुम्ही सायकल चालवली?"

तो म्हणाला, "हां. रस्त्यानं जाणाऱ्या पोरांकडून हवा-तेल करून घेतलं. चालवता येती."

"अन् चालता येत नाय?"

"नाय."

"हे कुणाला सांगता?"

"मलाबी समजत नाय, चांगुणे," तो म्हणाला. त्याचं तोंड जसं होतं तसंच होतं, दगडी. आधीची बत्तीस वर्षं ती त्याच्या तोंडावरून खरंखोटं ओळखत आली होती, आणि आता तिथे वाचायला काही उरलंच नव्हतं.

त्या रात्री तिने त्याची कूस बदलली, पण बोलली नाही. चालता न येणारा माणूस सायकल चालवतो, यावर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही ठेवाल? सहा महिने आपण पाय आडवा घालतोय, नमस्कार करतोय, आणि हा माणूस आपली पाठ फिरली की पाटावर हवा खातोय. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि रागाचं काय करावं हे सकाळपर्यंत तिचं ठरलं.

सकाळी तिने त्याला नेहमीसारखं उंबऱ्यापर्यंत आणलं. तो अडला. त्याने तिच्या पायाकडे पाहिलं. चांगुणाने पाय ठेवला नाही.

"या तुमचे तुम्ही," ती म्हणाली. "मी झेंडू तोडायला चालले."

दसऱ्यासाठी लावलेला झेंडू घरासमोरच होता, दोन वाफे सोडून. ती पाटी घेऊन गेली, फुलं तोडू लागली, आणि मग मधल्या सरीत खाली बसली. झाडं कमरेएवढी होती. त्यांच्या फटीतून दार नीट दिसत होतं. आता कुणी बघत नाही असं वाटलं की हा चालेल, आणि मग आपण उठून उभं राहायचं, असा तिचा बेत होता.

रंगनाथ दारात उभा होता. ती वाट बघत राहिली. ऊन चढलं. भादव्याचं ऊन हरणांनाही काळं करतं म्हणतात. ते थेट दारात पडलेलं. तो हलला नाही. एकदा त्याचं डोकं जरा वर झालं, मग खाली गेलं. चांगुणा मनाशी म्हणाली, किती चिवट आहे बघ. तिने शेजारची फुलं तोडली, पाटी अर्धी भरली, पुन्हा बघितलं. तो तसाच. आता जाऊन बघावं असं तिला वाटलं, पण उठायला मन घेईना, कारण उठलं तर आपण हरलो. असा तास गेला असेल, जास्तच.

मग लंकाबाई रस्त्याने येताना दिसली, आणि जावेच्या आधी घर गाठावं म्हणून चांगुणा पळाली.

तो दोन्ही हातांनी चौकट धरून उभा होता. बोटं पांढरी पडली होती. घामाने सदरा अंगाला चिकटला होता, पाय लटलटत होते, आणि पायजमा पुढून पार घोट्यापर्यंत भिजला होता. उंबऱ्यावर ओघळ आला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या.

चांगुणाच्या हातातली पाटी पडली. तिने पाय आडवा घातला, पण इतक्या वेळाने त्याचे पाय उचलेनात. शेवटी तिने त्याला कमरेला मिठी मारून उचलून आत घेतलं. तेवढ्यात लंकाबाई दारात.

"अगं बाई, हे काय झालं?"

रंगनाथच आधी बोलला. "तांब्या सांडला माझ्या हातून," तो म्हणाला. "ती झेंडूत होती."

तांब्या कुठेच नव्हता. लंकाबाईने इकडेतिकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेली.

मंगळवारपर्यंत थांबायचा धीर चांगुणाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली, आणि पल्लवीच्या खोलीत शिरताच दार लावायच्या आधी तिने विचारलं, "मॅडम, यांना चालता येत नाय आणि सायकल येती. असं असतं का? खरं सांगा."

पल्लवीने दोघांकडे पाहिलं. "मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "पुस्तकात वाचल्याचंही आठवत नाही. बघू या."

वॉचमनची सायकल मागवली गेली. वॉचमन कुरकुरला, कारण त्याला वाटलं पेशंट सायकलीसकट पडणार आणि भरपाई कुणी देणार नाही. आवारात रंगनाथला आणताना तो गेटच्या पट्टीपाशी दोनदा अडला. मग पल्लवी आणि वॉचमन यांनी सायकल दोन्हीकडून धरली, रंगनाथला वर बसवलं, त्याने पायंडलवर पाय ठेवले, आणि गेला. आवाराला वळसा घालून, झाडाखालच्या स्कुटरी चुकवून, पुन्हा वळसा. पाठ ताठ, हात स्थिर. वॉचमन उघड्या तोंडाने बघत राहिला. तिसऱ्या फेरीला पल्लवीने "आता थांबा" म्हटलं आणि ब्रेक लागला मात्र, रंगनाथ लाकडाच्या ओंडक्यासारखा एका बाजूला कलला. पाय खाली टेकलाच नाही. पल्लवीने झेप घेऊन धरला म्हणून डोकं वाचलं.

"बघितलंत?" ती धापा टाकत म्हणाली. "हे सोंग नाही, आजी. पाय लुळे नाहीत त्यांचे. पाय सुरू करणारा जो हुकूम आतून यायला हवा, तो येत नाही. पायंडल तो हुकूम देतं. एक पाय खाली गेला की दुसरा वर येतोच. रेघ बघून पाय उचलतो ना, तसंच. पण थांबले की पुन्हा सगळं बंद." मग तिने रंगनाथला विचारलं, "एकटे कसे चढत-उतरत होतात हो?"

"ओट्यावरनं चढायचो, अन् येताना पडायचो," रंगनाथ म्हणाला. "शेवंतीच्या वाफ्यात. मऊ लागतं. मंग रांगत ओट्यावर."

पल्लवी हसली. चांगुणाला हसता आलं नाही.

ठरलं ते असं: व्यायाम बंद करायचे नाहीत, रेघा, टाळ्या, खुर्ची सगळं चालू, आणि रोज सकाळी पाटाच्या रस्त्याला सायकल, पण एकट्याने नाही. सोबत कुणीतरी पाहिजे, चढवायला आणि थांबताना झेलायला. हिरामण म्हणाला, मी सुट्टीच्या दिवशी येईन. बाकीचे सहा दिवस चांगुणा.

तर दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात पाटावर रोज हा तमाशा सुरू झाला. रंगनाथ सायकलवर, आणि बावन्न वर्षांची चांगुणा काष्टा खोचून त्याच्या मागे पळतेय. पळून पळून तिला धाप लागायची. मग ती पुलाशी थांबायची, तो पुढच्या मळ्यापर्यंत जाऊन वळून यायचा, आणि ती दोन्ही हात पसरून त्याला झेलायची. लोक हसायचे. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण तिच्या मनातलं जात नव्हतं. त्याने त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. तिलाही काढवत नव्हता. रोज झेलताना त्याचं वजन अंगावर आलं की उंबऱ्यावरचा तो ओघळ दिसायचा, आणि ती सायकलचं हँडल नको तितक्या जोरात धरायची. रात्री कूस बदलताना सांगू म्हणायची, सकाळी सांगू म्हणायची, आणि दोन्ही वेळा कामाचं काहीतरी काढायची. जीव नुसता तळमळायचा.

एका सकाळी तो पुलाशी परत आला, तिने त्याला झेललं, सायकल आपल्या मांडीला टेकवली, आणि तो अजून सीटवरच असताना तिच्या तोंडून निघून गेलं.

"त्या दिवशी मी मुद्दाम गेले. तुम्ही चालता का बघायला. झेंडूत लपून बसले होते."

रंगनाथने ब्रेक सोडले नव्हते. तो समोर पाण्याकडे बघत होता.

"ठाव हाय," तो म्हणाला. "तुझं जांभळं लुगडं दिसू राह्यलं होतं."

"मग हाक का नाय मारली?" ती एकदम चिडून म्हणाली, जसा काही दोष त्याचाच होता. "एक हाक मारायची!"

"मारली की," रंगनाथ म्हणाला. त्या बारीक आवाजात, जो हातभर अंतरावरूनही तिला कान देऊन ऐकावा लागत होता. "लय मारल्या."

चांगुणा हँडलवर डोकं टेकून रडली. रस्त्याने कोण जातंय हे तिने पाहिलं नाही. त्याचा थरथरता हात ब्रेकवरून सुटून तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच थरथरत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "उतरू का आता? घरी जायचं?"

तिने पदराने तोंड पुसलं. घर म्हणजे उंबरा, मोरी, खाट आणि पाय आडवा.

"नका उतरू," ती म्हणाली. "आणखी एक फेरी मारा."

तिने मागे जाऊन कॅरियरला धरून सायकल ढकलली, त्याचे पाय फिरायला लागले, आणि ती त्याच्या मागे पळत सुटली. या वेळी पुलाशी थांबली नाही, आणि त्याची एखादी हाक आली तर ऐकू यावी म्हणून मागच्या चाकालगतच पळत राहिली.