हंसपद

महिन्याचा दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ, स्थळ जेवणाचे टेबल. निवृत्त मुद्रितशोधकाने लेकीच्या पत्रकातील एका वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली.

“‘न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये असे नाही.’ म्हणजे करावे?”

“कळतं हो लोकांना, बाबा.”

“कळतं, कारण आधी माझ्यासारखा कोणीतरी वाचतो. ठमे, दोन नकारांचा होकार होतो.”

लेक रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. स्तनाच्या कर्करोगावरचे हे पत्रक तिने स्वतः लिहिले होते आणि उद्या ते छपाईला जायचे होते.

पेन्सिल पुढे सरकली. दुधाच्या नलिकांत सुरू होणारा प्रकार विनातक्रार पार पडला. दुग्धग्रंथींत सुरू होणाऱ्या प्रकारापाशी वडील थांबले.

“‘यात गाठ लागेलच असे नाही, कधी नुसता जाडसरपणा जाणवतो.’ चांगलं वाक्य आहे.”

“बरं आहे ना तुम्हाला? कौतुक केलंत!”

“वाक्याचं केलं. तुझं नाही.”

त्वचेवर पडणारी खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा स्राव, या लक्षणांत दोन अनुस्वार सुधारले गेले. वाढते वय, मद्यपान, उशिरा थांबणारी पाळी या जोखमींवरून पेन्सिल सरळ गेली. ‘आई, बहीण किंवा मावशी यांना हा आजार झालेला असल्यास’ या ओळीवर ती उभी राहिली.

“आत्या कुठे आहे?”

“ओळीत मावत नाही.”

“बापाकडून येत नाही का हे?”

“येतं की. आईकडून येतं तसंच.”

“मग मावशीला काढ.”

“मावशीनं तुमचं काय घोडं मारलंय?”

ते हसले नाहीत. सुटलेला शब्द आत घेण्याची खूण, हंसपद, त्यांनी आयुष्यभर एका झटक्यात काढली होती. आज पेन्सिलीचे टोक मोडले.

लेकीचा हात टेबलावरच राहिला. तिला एकच आत्या होती आणि ती पोटाच्या विकाराने गेली, असे घरात सांगितले जाई. स्वतःच्या तपासणीच्या अर्जावर लेकीने ‘कुटुंबात कोणालाही नाही’ असे लिहिले होते.

“बाबा, आत्याला काय झालं होतं?”

त्यांनी मोडक्या टोकाने समासात लिहिले: ‘हेच. वय एकोणचाळीस.’

“तोंडानं सांगा ना.”

“कोणाला सांगू नकोस, अशी शपथ घातली होती तिनं. तुझ्या लग्नात विघ्न नको म्हणून.”

“मी सात वर्षांची होते!”

“लिहू नकोस, असं मात्र ती म्हणाली नव्हती.”

“एवढा अर्थ काढायला तीस वर्षं लागली?”

“एकतीस,” ते म्हणाले.

लेक उठून खिडकीपाशी गेली. तिने फोन लावला.

“उद्या सकाळी एक तपासणी लाव. माझीच. नाही गं, काही झालेलं नाही. अर्जात चूक होती.”

मग तिने आपली खुर्ची वडिलांच्या खुर्चीला चिकटवून ठेवली, त्यांच्या हातून पेन्सिल काढून घेतली आणि त्या बोटांवर आपला तळवा ठेवला.

“चुकलात, बाबा.”