नऊ जणांचा सैपाक

दोन वर्षांपूर्वी तृप्तीचे वडील भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात भरती होते. आईला रात्रीपुरतं टेकायला जागा हवी, म्हणून तृप्तीने तिथेच वैनगंगेकाठी राहणाऱ्या आपल्या मोठ्या जावेला, निर्मलाताईंना विचारलं होतं.

"पाहुणे येऊन राहिले," ताई म्हणाल्या. पाहुणे कोणी आले नाहीत. आईने चार दिवस दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढले, आणि वडील गेल्याचं तिथेच ऐकलं.

यंदा एप्रिलमध्ये तृप्तीने लाखनीहून फोन लावला. "ताई, मे महिन्यात आठ दिवस येतो. माहेरचे धरून नऊ जण."

त्या घरात तृप्तीच्या नवऱ्याचा, अंकुशचा, अर्धा वाटा होता. नाही म्हणायची सोय नव्हती. "या ना," ताई कशाबशा म्हणाल्या.

मग तृप्ती रोज विचारायची, दुसरा कूलर आणला का, गाद्या सांगितल्या का.

"कायले छळतेस तिले?" अंकुश वैतागला.

"मले बरं वाटते."

ठरल्या दिवशी नऊ जण भंडाऱ्यात उतरले आणि सरळ लॉजवर गेले. तिथून तृप्तीने कळवलं, "ताई, आम्ही नाही येत. सैपाक शेजारी वाटून टाका."

संध्याकाळी नदीत पाय सोडून बसलेल्या आईला तिने सगळं सांगितलं. आई रागावेल असं तिला वाटलं होतं.

"काय केलं होतं तिनं?" आईने विचारलं.

"आमरस. अन् पुरणाच्या पोळ्या."

"नऊ जणांच्या?"

"हो."

आई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिली.