शिवशरणच्या खोलीचा नंबर

तुम्ही मला मेलेल्या माणसाच्या दारावर ठोकलंत. दोन खिळे मारले आणि मागं वळूनही न बघता पुढच्या घराला गेलात.

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. निळ्या रंगावर पांढरा घरनंबर. सोलापुरात गुरप्पाच्या घरी, अंगणापलीकडच्या खोलीवर माझा जन्म गेला. खोली त्याच्या लेकाची, शिवशरणची. तो गिरणीत कामाला होता. दुष्काळाच्या साली काविळीनं गेला.

त्याची पाळी दिवेलागणीला सुटायची. त्या वेळी त्याची आई गौरम्मा अजूनही खोलीत कंदील लावायची, त्याच्या पितळी ताटात भाकरी वाढून झाकून ठेवायची. घरपट्टीचा माणूस मोजमापाला आला तो नेमका तेव्हाच.

घरपट्टी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. घर भाड्यानं दिलं तर किती भाडं येईल, याचा अंदाज करतात आणि त्यावर कर बसवतात. आपण स्वतः राहिलो तरी तो कर चुकत नाही. त्याच घरात वेगळं बिऱ्हाड दिसलं, की त्याला वेगळा नंबर आणि वेगळी पट्टी. खोली रिकामी असेल तर सूट. कायदा वाईट नाही. तो चालवणाऱ्याला डोळे हवेत.

"हितं कोण राहतं, बाई?"

"शिवशरण. माझा मुलगा."

"जेवायला तुमच्यातच?"

"न्हाय की. त्याचं ताट हितंच असतंय."

ती खोटं बोलली नाही. त्यानं कंदील पाहिला, ताट पाहिलं. माणूस कुठं आहे, हे विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी दारावर होते.

शेजारची दानम्मा मला बघून म्हणाली, "गौराक्का, तुझ्या पोराला मेल्यावर बिऱ्हाड मिळालं गं. आमचा भाडेकरू जिता हाय, त्याला नंबर मिळंना." हसली, आणि मग पदरानं डोळे पुसत निघून गेली.

गुरप्पा गौरम्माला घेऊन कचेरीत तक्रारीला गेला. परत आल्यावर माझ्याखाली बसून म्हणाला, "साहेब बरा होता. खोली रिकामी हाय, एवढं बाईंनी सांगावं, पट्टी काढतो म्हणाला. तुझ्या तोंडातून शब्द निघंना."

"रिकामी न्हाय ती."

"गौरा, त्याला खड्ड्यात बसवून माती दिली ती मी. ह्या हातांनी."

"मग तुमीच सांगायचं होतं की."

गुरप्पालाही सांगता आलं नव्हतं.

पट्टी थकली. जप्तीवाले आले. थकबाकी त्या खोलीची, म्हणून वस्तूही त्याच खोलीतली. त्यांनी भाकरी जमिनीवर काढून ठेवली आणि ताट नेलं.

त्या संध्याकाळी गौरम्मानं मला दारावरून उचकटलं. धुतलं, पदरानं पुसलं, नंबर खाली करून कंदिलाशेजारी ठेवलं आणि माझ्यावर चतकोर भाकरी वाढली.

तेव्हापासून मी आत असते. गंजले आहे. दिवेलागणीला कडी वाजते, भाकरीवरचं झाकण सरकतं. उंदीर असेल. गौरम्मा विचारत नाही, मीही बघत नाही.

मित्रांनो, कुणाच्याही दारावर खिळा ठोकण्याआधी आत डोकावून बघत जा.

आणि तुम्ही, ठोकणारे. शिवशरण मेला असेल तर ही पट्टी कुणाची? जिता असेल तर त्याच्या पुढ्यातलं वाढलेलं ताट कसं उचललंत? दोन्हींपैकी एक सांगा. भाकरी माझ्यावर आहे आणि कंदील पेटलेला आहे. सांगा.