मांडगावच्या मावशीचा भाचा

समुद्रपूर रस्त्यावरच्या वीज उपकेंद्रात २००८ साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग सरकारी फर्मान आलं. बाहेरचा कुणी या कॉम्प्युटरात शिरला तर अख्ख्या तालुक्याची वीज एका बोटानं बंद करील, तेव्हा पासवर्ड ब्रह्मदेवालाही सांगू नये. तपासणी होईल, तीही न कळवता.

कोकिळा तिथली ऑपरेटर. अजून कच्ची, पण या तपासणीत पास झाली की कायम होणार होती. बाई मोठी करारी. सकाळी फोन आला, "मुंबईहून बोलतोय, वरिष्ठ अभियंता. पासवर्ड सांगा."

"फोनवर सांगता येत नाही, सर," म्हणून तिनं फोन ठेवला. असले छप्पन्न साहेब आपण पाहिलेत, अशा थाटात ती खुर्चीत बसली.

दुपारी पुन्हा फोन.

"ताई, मी हरिदास बोलून राह्यलो, नागपूरच्या ऑफिसातून. गाव कोणतं जी तुमचं?"

"मांडगाव."

"काय सांगता! माही मावशी मांडगावातच दिली हाये. महादेवरावाच्या घरी."

"अगा माय! आमच्या घराले लागूनच हाये ते घर!"

कोकिळा विरघळलीच. मावशीचे गुडघे झाले, तुरीवरची अळी झाली. मग हरिदास म्हणाला, "ताई, इथं काम अटकून राह्यलं, साहेब मले शिव्या देऊन राह्यला. पासवर्ड सांगता का जरा?"

आता मावशीच्या भाच्याला नाही कसं म्हणायचं? तिनं सांगितला, वर स्पेलिंगही सांगितलं.

थोड्या वेळानं जीप आली. मुंबईच्या साहेबांमागून एक तरुण उतरला. "मीच हरिदास," तो खाली बघत म्हणाला.

साहेबांनी निकाल दिला: नापास. कायम होणं सहा महिने लांबलं.

"मला ठाम नाही म्हणालात. मग यांना का सांगितलंत?"

"तुम्ही परके वाटले, सर. हा आपल्यासारखा बोलला."

"म्हणूनच यांना घेतलंय आम्ही."

नोकरीचं दुःख होतंच. पण आपल्याच बोलीनं आपला गळा कापावा, याचा तिला संताप आला. "मावशी तरी खरी हाये का?" तिनं विचारलं.

"खरी हाये, ताई."

साहेब जीपमध्ये बसले. हरिदास उपकेंद्राच्या दाराशी थांबला. "येतो, ताई."

असं म्हणणाऱ्याला मांडगावात 'या' म्हटल्याशिवाय कुणी सोडत नाही, वैऱ्यालाही नाही. हरिदास उंबऱ्यावर वाट बघत राहिला. कोकिळा काहीच बोलली नाही.