कापडाची कैची

रिसोडच्या बाजारात देवमन टेलरकडे पायजम्याचं माप द्यायला गेलं, की आधी त्याच्या पोराचं कौतुक ऐकावं लागे. इंद्रभान पुण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरला कामं लावून देतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे देवमनला ठाऊक नव्हतं. पण गिऱ्हाइकाला तरी कुठं ठाऊक होतं?

तोच इंद्रभान सुट्टीवर आला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मी राजीनामा देतो."

देवमनचा घास हातातच राहिला.

"काहून? पगार थकवला?"

"नाही."

"कोनं जात काढली?"

"तसं नाही, बाबा."

"मंग? डोक्यावर पंखा हाय, गादीची खुर्ची हाय, टायमावर चहा येते. आता काय साहेबानं तुले मांडीवर घ्यावं?"

चुलीपाशी बसलेली लिलाबाई, इंद्रभानची माय, पदराआड हसली. इंद्रभान हसला नाही.

"पंखा नव्या साहेबानं देला, अन् मशीन काढून घेतली. पहिले आमी मशीनपाशी बसत होतो. चुकलं तं तिथंच दिसे, तिथंच सुधरवत होतो. आता खोलीले कुलूप. आपले कार्डं खिडकीतून द्या, उत्तर उद्या घ्या. एक टिंब चुकलं की दिवस गेला. अन् वरून विचारते, खुश आहात ना?"

"एका टिंबासाठी नोकरी सोडतं? बाजारात कोन्त्या तोंडानं बसू मी?"

इंद्रभान तणतणत उठला. हात धुऊन त्यानं पिशवीतून जाड कार्डांचा गठ्ठा काढला. "हे पाहा. याच्यातले छिद्रं मशीन वाचते. छिद्राची जागा चुकली की सारंच चुकलं. आता हे असं झालं तं..."

आणि शिलाई मशीनवरची कैची उचलून त्यानं कार्डाला खर्रकन चीर दिली.

"ठेव! ठेव ते खाली!"

देवमन उष्ट्या हातानंच धावला. कापडाची कैची! लग्न होऊन आल्यापासून लिलाबाईनं त्या कैचीनं साधी सुतळी कापली नव्हती. फळीवरच्या कागदांना झालर करायला ती शेजारणीची कैची मागून आणी. आणि या शिकल्यासवरल्या गड्यानं त्याच कैचीनं पुठ्ठा कापला!

"धार लावून आणतो, बाबा."

"माया कैचीले दुसऱ्याचा हात?"

"मंग नवीन घेऊन देतो."

"नवीन! हिची मूठ माया हातानं घासली हाय, बे! ते नवीन कुठून आनशीन?"

"अवो, चहा मांडू का?" लिलाबाईनं मध्येच विचारलं.

"चहानं धार येते का वो?"

"तेच तं पोरगं सांगून राह्यलं," लिलाबाई म्हणाली आणि तवा उतरवायला वळली.

देवमननं कैची ओढून घेतली. हात धुऊन दगड आणि तेलाची वाटी घेऊन तो उंबऱ्यापाशी ती घासत बसला. राग उतरला नव्हता. रागानं फक्त पुण्याची गाडी पकडली होती.

"राजीनामा देऊ नको," घासता घासता तो म्हणाला. "तू निंगून आला तं कुलूप साहेबाचंच, मशीनही त्याचीच. भांड त्याच्याशी. म्हन त्याले, पंखा काढून घे अन् कुलूप काढ."

"नाहीच काढलं तं?"

"तं ये घरी. बाजाराचं मी पाहून घेतो. पन पंख्याखाली चहा पिऊन गप नको बसू."

त्यानं एक चिंधी कापून पाहिली. नाक मुरडलं आणि पुन्हा घासायला लागला. शेवटी कैची फडक्यात गुंडाळली. ती खुंटीला अडकवावी म्हणून इंद्रभाननं हात पुढं केला.

देवमननं नुसतं पाहिलं.

हात मागं गेला.