दुसऱ्या अंकातल्या वहाणा

"हसलं का कोण?" मारुतीरावांनी तालमीच्या खोलीत सगळीकडे नजर फिरवत विचारलं. कोणीच हसलं नव्हतं. पेटीवाला जांभई गिळत होता, आणि कोपऱ्यात स्टुलावर वही घेऊन बसलेला परशराम आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

कल्याणी जिची नायिका, त्या जुन्या कादंबरीचा फार्स करायचा, हे डोकं नाटक कंपनीचे मालक मारुतीराव यांचं. चाळीस वर्षांपूर्वीची ती प्रेमकथा बेळगावातल्या वाचत्या घरांत जपून ठेवलेली असे, आणि तिच्यावरच्या नाटकाने याच कंपनीला एकेकाळी दोन गावांची मानपत्रं मिळवून दिली होती. पण शहरात बोलपट आला आणि नाटकाच्या खुर्च्यांवर मांजरं झोपू लागली. "रडायची सोय तिकडं झाली," मारुतीराव म्हणाले होते, "आता आपन हसवायचं. दिवाळीपातूर जमलं तर जमलं, न्हायतर पडदं गुंडाळायचं." कंपनीचे लेखक तर आधीच बोलपट लिहायला कोल्हापूरला पळाले होते. उरला परशराम. पंधरा वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर. त्याला ती कादंबरी तोंडपाठ होती, म्हणून हे गाढवाचं ओझं त्याच्या पाठीवर आलं.

कादंबरी तोंडपाठ होण्याचं कारण मात्र नाटकात नव्हतं, बेळगावाला लागून असलेल्या शहापुरातल्या त्याच्या घरात होतं. एका विणकराच्या घराच्या मागच्या अंगाला दोघांची एक खोली होती. त्याची बायको गुणाबाई त्या विणकरासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरून देई. बारा वर्षांपूर्वी त्यांचं एकुलतं पोर सव्वा महिन्याचं होऊन गेलं, तेव्हा घरात काय बोलावं हे दोघांनाही समजेना. मग एका संध्याकाळी परशरामने कुठून तरी आणलेलं ते पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. गुणाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती रहाट फिरवत ऐके. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. कल्याणीचा प्रियकर दूरदेशी गेला आहे, ती खिडकीत बसून चंद्राला म्हणते, "हे शशांका, माझ्या प्राणनाथास माझे कुशल सांग," हे पान आलं की रहाट थांबायचा. दरवेळी थांबायचा. परशरामही मग जरा दम घेऊन पुढे वाचायचा. त्यांचा संसार म्हणाल तर एवढाच होता, आणि तो त्यांना पुरत होता.

फार्सचं ऐकून गुणाबाईने सूत हातातच धरून ठेवलं होतं.

"कल्यानीचं हसं करनार व्हय तुमी?"

"तिला धक्का लावत न्हाय गं. नायकाचं करतो, त्याच्या बापाचं करतो."

"मग करा. तिला तेवढं सोडा," ती म्हणाली. परशरामने शब्द दिला.

आणि आता तालमीत नायक धोतराला अडखळून तीनदा पडला तरी कोणी हसत नव्हतं. कल्याणीचं काम करणारा ज्योतिबा, मिशी काढलेला, पस्तिशी ओलांडलेला, लुगड्याचा पदर खांद्यावर टाकून वैतागला.

"परशूअण्णा, ही बया सारखी चांदोबाशी बोलती. आपल्या शहापुरातली असती तर काय म्हनाली असती ती?"

परशरामच्या तोंडून सहज निघून गेलं, "चांदोबाला काय सांगू? त्यो सोताच पंधरा दिस घरात नसतोय."

खोलीत असा हशा उठला की पेटीवाल्याच्या हातून भाता सुटला. मारुतीराव डोळे पुसत म्हणाले, "हे! हेच पायजे. कुठनं आनलास रं?"

परशरामने मान खाली घालून ते वहीत उतरवलं. ते वाक्य गुणाबाईचं होतं. मागे कधीतरी कांडी भरता भरता ती म्हणाली होती.

त्या दिवसापासून घरातली संध्याकाळ बदलली. परशराम पुस्तक बाजूला ठेवून बायकोला विचारू लागला. तुला असं पत्र आलं असतं तर काय म्हणाली असतीस? सासऱ्याने हाकललं असतं तर? गुणाबाई आधी लाजली. एवढ्या वर्षांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मग ती विचार करकरून सांगू लागली. शेजारच्या मनुबाईला म्हणाली, "आमचं हे आता माझ्याशी लई बोलत्यात बगा." परशरामने ते ऐकलं आणि त्याला फार लाज वाटली. पण लाज वाटून वही मिटली, असं काही झालं नाही.

एकदा त्याने विचारलं, "मी आठ म्हैनं दौऱ्यावर गेलतो, तवा तू काय करत हुतीस?"

तिने भरलेली कांडी काढून दुसरी लावली. मग रहाटाकडे बघतच म्हणाली, "तुमच्या जुन्या वहाना घरात हुत्या न्हवं? दर शनवारी एरंडेल लावून ठेवायची. मानूस न्हाय तर न्हाय, चामडं तर मऊ ऱ्हाऊ दे म्हनून. आनि..." ती पदराआड हसली. "जेवायच्या आदी त्यास्नीच इचारायची, जेवलासा का म्हनून. तुमी हसशीला म्हनून कदी सांगिटलं न्हाय."

उठून तिच्याजवळ जाऊन बसावं असं परशरामला वाटलं. पण हात उशाखालच्या वहीकडे गेला होता. दुसऱ्या अंकाला शेवट मिळत नव्हता, तो मिळाला.

पहिला खेळ रविवारी दुपारी लागला. लेखकाच्या घरच्यांना पहिल्या खेळाला मानाने बसवायचं, ही कंपनीची रीत. गुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मनुबाईबरोबर बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसली. मारुतीरावांनी स्वतः तिच्या हातात पेढा दिला. लोक पहिल्या अंकापासून हसून लोळत होते. परशराम विंगेच्या फटीतून तिच्याकडे बघत होता. नायक पडला तेव्हा तीही हसली. त्याला जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी ज्योतिबाने पाटावर वहाणांचा जोड मांडला. वाटीतलं तेल बोटाने घेऊन तो वहाणांना चोळू लागला, मान वाकडी करून, अगदी लाडाने. थिएटर कोसळायला आलं. हशा थांबेना, आणि थांबेना म्हणून ज्योतिबा पुढचं विसरला. त्याने विंगेकडे डोळे फिरवले. परशरामने वाक्य दिलं. ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा दिलं, या वेळी मोठ्याने, आणि नेमका त्याच क्षणी हशा ओसरला. सगळ्या थिएटरात त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"जेवलासा का?"

प्रॉम्प्टरचा आवाज बाहेर जाणं म्हणजे या धंद्यात नाक कापून घेणं. पण लोकांना वाटलं, वहाणाच बोलल्या. मग जो गदारोळ झाला तसा त्या थिएटरने दहा वर्षांत पाहिला नव्हता. मनुबाईने हसता हसता गुणाबाईच्या मांडीवर थाप मारली. गुणाबाईने पदराचा शेव तोंडात धरला होता. फटीतून बघणाऱ्या परशरामने स्वतःची समजूत घातली की ती हसते आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने चूल पेटवली, भाकरी केली, त्याला वाढलं. पाठमोरीच म्हणाली, "लई हसली मानसं."

"व्हय. मालक खूश हाईत. निपाणी, संकेश्वर, चार म्हैन्यांचा दौरा ठरला."

"कल्यानीला सोडा म्हनलं हुतं. सोडलासा, तिच्या जागी मला उभी केलासा." तिने तवा खाली उतरवला. "एक इचारू का? त्या वहानांचं मी सांगत हुते तवा, तुमी ऐकत हुतासा का लिवून घेत हुतासा?"

परशरामच्या हातातला घास हातातच राहिला. "कंपनी वाचली गुणा," तो म्हणाला.

"व्हय. बरं झालं," गुणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परशरामला काहीतरी बोलता आलं असतं.

जेवण झाल्यावर त्याने कितीतरी दिवसांनी पुस्तक उघडलं. मुद्दाम चंद्राचं पान काढलं. ती रहाटावर बसली होती. "हे शशांका," त्याने वाचलं आणि दम घेतला. रहाट फिरतच होता. त्याने पुढचं वाचलं, पान संपवलं. कांडी भरली, तिने दुसरी लावली.

दौरा चारचा सहा महिन्यांचा झाला. निपाणीत तर तंबाखूच्या वखारीतली माणसं एकमेकांना "जेवलासा का?" विचारून हसू लागली होती. परशरामला आता लोक लेखक म्हणून ओळखत. नव्या कोऱ्या वहाणा घालून तो शहापुरात परतला. गुणाबाईने पाय धुवायला पाणी दिलं, गाडी वेळेवर होती का विचारलं आणि ताट वाढलं. सगळं रीतसर केलं. मग ती कांड्या भरायला बसली.

जुना जोड कोनाड्यात होता, सहा महिन्यांपूर्वी ठेवला होता तसाच. त्याच्यावर सुताचा बारीक कचरा बसला होता. परशरामने तो उतरवला. चामडं लाकडासारखं झालं होतं, अंगठ्याजवळ चीर गेली होती.

दिवस शनिवारचाच होता. त्याने फळीवरची एरंडेलाची बाटली काढली, तळहातावर तेल ओतलं आणि भिंतीला टेकून वहाणा चोळायला बसला. पलीकडे रहाट चालू होता. तो पुष्कळ वेळ चोळत राहिला. तेल आत मुरत नव्हतं, वरच्यावर चमकत होतं.