बागूल सरांची उदाहरणं

बागूल सरांचा इंग्रजीचा तास सुरू झाला की साऱ्या गावाला कळायचं. नरडाण्याच्या अलीकडे, रुळांपासून कोसभर आत असलेलं ते गाव, आणि वेशीवर पत्र्याची शाळा. सरांची शिकवायची तऱ्हा अशी, की एका पोरानं उठून वाक्य म्हणायचं आणि बाकीच्या वर्गानं ते तीनदा ओरडायचं. "धिस इज अ फॅट बफेलो!" रस्त्यानं बैल हाकणारे गडीसुद्धा 'फॅट बफेलो, फॅट बफेलो' करत शेतात जायचे. अर्थ कोणाला लागो न लागो, घसा मात्र तयार व्हायचा. सर म्हणत, इंग्रजी आधी घशात बसते, मग सवडीनं डोक्यात जाते. बहुतेकांची ती घशातच राहायची, ही गोष्ट वेगळी.

विशेषणं शिकवावीत तर बागूल सरांनीच. "नाम म्हणजे उघडा माणूस, आणि विशेषण म्हणजे त्याच्या अंगावरचे कपडे," असं ते दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी मागच्या बाकांवर खसखस पिकायची. माणूस कसा आहे हे सांगतं ते गुणवाचक. किती नग ते सांगतं ते संख्यावाचक. दूध, रॉकेल असलं मोजायला नग नसलेलं किती, ते परिमाणवाचक. बोट दाखवतं ते दर्शक, आणि कोणाचं ते सांगतं ते स्वामित्ववाचक. एकतर नामाच्या पुढ्यात बसवा, नाहीतर 'इज'च्या मागून आणा, मध्ये कुठे लटकवू नका, एवढाच सरांचा कायदा. नववीच्या वर्गात तो नीट कळलेली एकच पोर होती. रुपचंद आबांची वच्छला.

रुपचंद आबा म्हणजे गावचं रेशनचं दुकान, काळ्या रानातली कपाशी आणि शाळा समितीवरची खुर्ची. कोणाच्या घरी मयत झालं की लाकडं आबांकडून, लग्न निघालं की साखर आबांकडून. असल्या माणसाबद्दल गाव वाईट बोलत नाही. गावाला दोष तरी काय द्यावा? खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे अशा वेळी तोंड मिटून बसायचं, असाच अर्थ लोकांनी करून ठेवला आहे.

वच्छलेला इंग्रजीची गोडी लागली त्याला कारण होतं. सातवीत असताना एकदा ती दुकानाच्या ओट्यावर उभी होती, समोर रॉकेलची रांग. तिनं बापाकडे सरळ बघत म्हटलं, "माय फादर इज अ क्रुएल मॅन." आपला बाप दुष्ट आहे, हे तिनं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. आणि आबांनी काय करावं? रांगेकडे वळून म्हणाले, "दखा, मनी आंडेर इंग्रजी बोलस!" बघा, माझी पोर इंग्रजी बोलते! आणि बरणीतून मूठभर पेपरमिंट काढून पोरीच्या हातात दिली. रांगेनं माना डोलावल्या. त्या दिवशी पोरीला कळलं की या घरात, या गावात, जे अहिराणीत बोललं तर जीभ हासडली जाईल, ते या भाषेत खुशाल बोलता येतं.

बोलायचं काय होतं, तेही सांगून टाकतो. तिची माय सुगंधाबाई चार वर्षांपूर्वी जळून मेली. स्टोव्ह भडकला, असं आबांनी सांगितलं, पोलीस पाटलानं सांगितलं, चुलत्यांनी सांगितलं, आणि दहा वर्षांच्या वच्छलेकडूनही तेच घोकून घेतलं. पण वच्छला तेव्हा दारातच होती. भर दुपार होती, जेवणं उरकली होती, स्टोव्ह थंडगार होता. भरलेला होता तो फक्त बापाच्या हातातला डबा.

वर्षाच्या आत साक्रीकडची ताईबाई घरात आली. गरिबाघरची, वच्छलेहून सहा-सात वर्षांनी मोठी. वच्छला तिला मावशी म्हणायची. सावत्र आई कशी असते याच्या गोष्टी पोरीनं ऐकल्या होत्या, पण ही तर तिच्या वेण्या घालताना स्वतःच रडायची. तीन वर्षं झाली, मूल होईना. आबांचा मार सुरू झाला, आणि मग एक दिवस मार थांबला. ताईबाईला वाटलं, देव पावला. वच्छलेची मात्र झोप उडाली, कारण मायच्या वेळीही मार असाच थांबला होता.

मग माळ्यावरचा स्टोव्ह खाली आला. चार वर्षं कोणी त्याला हात लावला नव्हता; घरात सगळा स्वयंपाक चुलीवर, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर. आबांनी तो स्वतः पुसला, नवा बर्नर बसवला, आणि दुकानातून रॉकेलचा डबा आणून चुलीशेजारी ठेवला.

वच्छला ताईबाईला म्हणाली, "मावशी, तू मायेर निंघी जाय."

"भाऊ दारात उभा करत नही," ताईबाई म्हणाली. "जाऊ कोठे?"

पोलीस पाटील आबांचा सख्खा चुलतभाऊ. राहता राहिले बागूल सर. शाळा सुटल्यावर वच्छलेनं त्यांना गाठून सगळं सांगितलं. सरांनी इकडे तिकडे बघितलं. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती आणि कायम करणाऱ्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते सांगायला नको. "पोरी, मनात नको ते आणू नये," ते म्हणाले. "तू अभ्यास कर. सोमवारी तपासणी आहे, धुळ्याचे साहेब येताहेत. पहिलं तुलाच उठवणार आहे मी."

हे ऐकलं आणि पोरीला वाट दिसली. साहेब धुळ्याचे. त्यांना ना आबांची साखर लागत होती ना लाकडं. आबा शेजारीच बसलेले असणार, पण इंग्रजीत बोललं तर त्यांना ओ की ठो कळणार नाही, आणि साहेबांना सगळं कळेल. रविवारभर ती शेणाच्या गोवऱ्या थापत वाक्यं जुळवत होती. चुकलं तर साहेब हसतील, आणि हसले तर ऐकणार नाहीत, म्हणून एकेक विशेषण तिनं दहादा जागेवर बसवून बघितलं.

सोमवारी जीप आली. साहेब सफारीतले, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. त्यांच्या शेजारी पांढऱ्या टोपीत रुपचंद आबा, दुपारच्या भरताच्या जेवणाचे यजमान. बागूल सरांनी फळ्यावर विशेषणांचे पाच प्रकार रंगीत खडूंनी लिहिले होते. "वच्छला, ऊठ," ते म्हणाले. "आपल्या कुटुंबाविषयी सांग. प्रत्येक वाक्यात विशेषण पाहिजे."

वच्छला उठली.

"आय हॅव टू मदर्स."

वर्गानं तीनदा आरोळी ठोकली. साहेबांनी मान हलवली. "टू, संख्यावाचक. छान."

"माय फर्स्ट मदर इज डेड." पहिली आई मेली. वर्ग ओरडला. "द स्टोव्ह वॉज कोल्ड." स्टोव्ह थंड होता. वर्ग ओरडला. मग तिनं बोट उचललं आणि बापाकडे केलं. दर्शक विशेषणाला बोट दाखवायचं, हे सरांनीच शिकवलं होतं. "दॅट मॅन बर्न्ट हर." त्या माणसानं तिला जाळलं.

"दॅट मॅन बर्न्ट हर! दॅट मॅन बर्न्ट हर! दॅट मॅन बर्न्ट हर!" चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. पोरीनं आपल्याकडे बोट केलेलं बघून आबा कौतुकानं हसले. फक्त वच्छलेच्या बाकावरची, मुख्तार शिंप्याची नसीम, अर्ध्यातच गप्प झाली आणि तिनं वच्छलेचा पदर घट्ट धरला. साहेबांचा पेन थांबला होता.

"नाऊ द स्टोव्ह इज क्लीन. माय सेकंड मदर इज यंग. शी इज अलाइव्ह. प्लीज सेव्ह हर."

"प्लीज सेव्ह हर! प्लीज सेव्ह हर! प्लीज सेव्ह हर!" पत्रे दणाणले. शेवटच्या वाक्यात विशेषण नाही, हेसुद्धा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. ते वच्छलेकडे बघत होते, आणि वच्छलेनं त्या नजरेला असं धरून ठेवलं होतं, जसं विहिरीत पडलेलं माणूस दोराला धरतं. त्यांना कळलं होतं. देवाशपथ कळलं होतं! मग ते सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बागूल, ही वाक्यं कोणी तयार केली?"

सरांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी आबांकडे बघितलं. वच्छलेकडे त्यांनी बघितलं नाही.

"मीच दिलीत, साहेब," ते म्हणाले. "नुसती उदाहरणं आहेत."

साहेबांनी सुस्कारा सोडला. माणसाच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्यानं परस्पर उतरवलं की तो सोडतो ना, तसा. चष्मा परत नाकावर चढला. "तयारी उत्तम आहे," ते म्हणाले, "पण उदाहरणं जरा सौम्य निवडत जा. लहान मुलं आहेत."

"मी केली ती, मी," असं वच्छला ओरडणार होती. पण सरांनी "बस खाली" म्हटलं, आणि दुसरा पोरगा उठून फॅट बफेलो म्हणायला लागला.

दुपारी आबांच्या ओसरीवर पंगत बसली. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. ताईबाई डोक्यावरचा पदर सावरत वाढत होती. ज्या बाईला वाचवा म्हणून चाळीस पोरांनी गळे फोडले, तिच्या हातची भाकरी साहेबांनी दोनदा मागून घेतली. पोट भरल्यावर माणसाला गंमत सुचते, तशी त्यांना सुचली. "रुपचंदभाऊ, मुलगी हुशार आहे बरं का तुमची," ते म्हणाले. "पण इंग्रजीत तिनं तुम्हाला पार खुनी करून टाकलं! पहिली बायको जाळली, आता दुसरी जाळणार म्हणे! मास्तरांनी काय एकेक वाक्यं काढलीत!"

आबाही हसले. बागूल सर मान खाली घालून भरीत चिवडत राहिले. हसता हसता आबांची नजर दाराआड उभ्या असलेल्या वच्छलेवर आली आणि तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवसापासून वच्छला शाळेत जाईना. पोट दुखतं म्हणाली, ताप आहे म्हणाली. ताईबाई पाण्याला निघाली की ती मागे, ताईबाई चुलीपुढे बसली की ती शेजारी. आबांनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी दप्तर उचलून तिच्या गळ्यात अडकवलं.

"शाळाम्हा जाय," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "घर बशीसन काय करशी? इंग्रजी शिक."

आणि तिला दंडाला धरून शाळेच्या दारापर्यंत स्वतः पोचवून आले. रस्त्यात भेटलेल्या दोघा-तिघांनी म्हटलं, बापानं शिक्षणाची काळजी करावी तर अशी.

मधल्या सुट्टीच्या आधीच आरडाओरडा झाला. वच्छला धावत घरी पोचली तेव्हा दुकानासमोरच्या मुख्तार शिंप्यानं गोधडी टाकून ताईबाईला विझवलं होतं, आणि त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत भाजले होते. धुळ्याला नेईपर्यंत ताईबाई राहिली नाही.

संध्याकाळी शिंदखेड्याहून फौजदार आले. नवे होते, घाटावरचे. पंच म्हणून शिकलेला माणूस पाहिजे, तेव्हा बागूल सरांना बोलावून घेतलं. अंगणात सारं गाव उभं होतं. स्टोव्ह भडकला, आबा म्हणाले. स्टोव्ह भडकला, पोलीस पाटील म्हणाला. मुख्तारनं सांगितलं की मी आलो तेव्हा आग लागलेली होती, आधीचं मला माहीत नाही, आणि ते खरंच होतं.

तेव्हा वच्छला गर्दीतून पुढे आली. या वेळी तिनं इंग्रजी जुळवलं नाही. मायच्या भाषेत, साऱ्या गावाला कळेल असं म्हणाली, "मना बापनी तिले बाळी टाकं. मनी मायलेबी त्यानीच बाळी."

'बाळी टाकं' म्हणजे काय, हे फौजदारांनी शिपायाला विचारलं, आणि शिपायानं खाली बघत सांगितलं, "जाळून टाकलं, साहेब."

फौजदारांनी पोरीला नीट न्याहाळलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लिहायचं थांबवलं आणि सरांना बाजूला न नेता, सर्वांसमोरच विचारलं, "मास्तर, तुम्ही हिला रोज बघता. तुमच्या शब्दावर मी पुढचं ठरवतो. ही पोर खोटं बोलणारी आहे का?"

वच्छलेनं सरांकडे बघितलं. अजूनही, एवढं होऊनही, तिला वाटलं की आता ते सांगतील. मेलेल्या बाईच्या हातचं जेवले होते ते.

"खोटी नाही, साहेब. हुशार आहे," बागूल सर म्हणाले. मग घसा खाकरला. "पण वर्गातसुद्धा ती अशीच वाक्यं तयार करते. जाळण्याची, मरण्याची. सोमवारी तपासणीला साहेबांपुढेही केली. तिला सवयच आहे."

तपासणीच्या दिवशी जी वाक्यं सरांची होती, ती आज पोरीची झाली होती. फौजदारांनी 'हं' म्हटलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. सर उभेच होते. रुपचंद आबांनी ते बघितलं आणि घरात वळून हाक मारली, "वच्छला, सरसले खुर्ची आन."